चाळीसचा आस लावूनही पिल्ले का अडकतात? ट्रॉलच्या खोल्याबद्दल

खाडीकाठ
मंडळी, आमचा एक ट्रॉलर मिरकरवाड्याला असतो. बोट भाऊ बघतो, हिशेब माझ्याकडे. सध्या १ जून ते ३१ जुलैची बंदी चालू आहे, जाळी दुरुस्तीला काढली आहेत आणि खोला नवा घ्यायचा आहे. दुकानदाराने दोन नमुने दाखवले. एक नेहमीचा डायमंड आसाचा, दुसरा चौकोनी आसाचा. दोन्ही ४० मिमी. चौकोनी महाग. भावाचे म्हणणे, "माप एकच आहे तर जास्त पैसे कशाला?" दुकानदारालाही याचे नीट उत्तर देता आले नाही.

मला यात रस आहे, कारण बंदरावर उतरणारा राणीमासा वर्षागणिक लहान होताना दिसतो आहे. टोपलीत वर चार बरे मासे आणि खाली बोटाएवढी पिल्ले. ती पिल्ले कुटीच्या, म्हणजे फिशमीलसाठी जाणाऱ्या बारीक मालाच्या, भावाने जातात. हाच मासा वर्षभर पाण्यात राहिला असता तर त्याचे पैसे आम्हालाच मिळाले असते.

तर प्रश्न दोन. माप एकच असताना आसाच्या आकाराने खरेच फरक पडतो का? आणि चौकोनी लावला तर किती मासळी हातची जाते? ज्यांनी प्रत्यक्ष वापरला आहे त्यांनी जरूर लिहा.

शंकासुर
वाचतोय. पुण्यात राहून फक्त खाण्याचा अनुभव आहे, पण "आस" आणि "खोला" म्हणजे काय ते कोणी सांगेल का?

खाडीकाठ
शंकासुर, जाळ्याच्या एका भोकाला आस म्हणतात. त्याचे माप ओढून धरून घेतात, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. खोला म्हणजे ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागून ओढायच्या जाळ्याच्या, शेपटाकडची पिशवी. सगळी मासळी शेवटी तिथे जमते. ट्रॉलमध्ये किमान आसाचा नियमही खोल्यापुरताच असतो, कारण मासा अडकणार की सुटणार हे बहुतेक तिथेच ठरते.

नाखवा_हर्णै
फरक दुकानात दिसत नाही, पाण्यात दिसतो.

कांद्याची जाळीदार पिशवी भरून तोंडाला धरून उचला. भोके लांबट होऊन मिटतात की नाही? डायमंड आसाच्या खोल्याचे तेच होते. मागे मासळीचे वजन, पुढून बोटीची ओढ. मधले सगळे आस ताणून मिटतात आणि फक्त जिथे मासळीचा फुगा तयार होतो त्याच्या पुढच्या चार-दोन ओळी उघड्या राहतात. मासा सुटला तर तिथूनच सुटतो. बाकी खोला नावाला चाळीसचा, कामाला पंधराचा.

चौकोनी आसात दोऱ्याच्या दोन बाजू ओढीच्या दिशेने आणि दोन आडव्या असतात. ओढ उभ्या दोऱ्यांवर जाते, आडवे दोरे जागेवर राहतात, भोक मिटत नाही. खोल्याच्या सगळ्या लांबीभर.

आम्ही दोन हंगाम वापरला. बारीक राणीमासा आणि बारीक ढोमा लक्षात येण्याइतका कमी झाला. बोटीवर निवडायला लागणारा वेळही कमी झाला. खलाशी त्यावर जास्त खूश होते.

मत्स्यकन्या
नाखवांनी नेमके सांगितले. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, थोडी आकडेमोड जोडते.

४० मिमी आस म्हणजे दोन गाठींमधला एक दोरा २० मिमी. चौकोनी राहिला तर भोक २० बाय २० मिमी, क्षेत्रफळ ४०० चौरस मिमी. तोच आस डायमंडमध्ये ताणला गेला आणि रुंदी समजा ८ मिमी उरली, तर लांबी साधारण ३९ मिमी होते आणि क्षेत्रफळ १५७ चौरस मिमी. दोरा तेवढाच, माप तेवढेच, भोक निम्म्याहूनही लहान.

आता त्यातून मासा काढून बघा. अंगाची उंची २२ मिमी आणि जाडी १३ मिमी असलेले पिल्लू घ्या, म्हणजे साधारण बोटभर राणीमासा. २० मिमीच्या चौकोनातून ते थोडे तिरके होऊन निघून जाते. ८ मिमीच्या फटीतून त्याची जाडीच जात नाही. भावाला हे कागदावर काढून दाखवा, दोन मिनिटांत पटेल.

हे समुद्रात तपासायची पद्धतही साधी आहे. खोल्यावरून बारीक आसाचे दुसरे सैल जाळे घालतात. खोल्यातून सुटलेला मासा त्या बाहेरच्या जाळ्यात सापडतो. मग आतले आणि बाहेरचे सगळे मासे लांबीप्रमाणे मोजायचे. ज्या लांबीचे निम्मे मासे आत राहतात आणि निम्मे सुटतात ती त्या खोल्याची ५० टक्के लांबी. आस वाढवला की ही लांबी वाढते. आसाचा आकार बदलला की आणखी एक गोष्ट बदलते: चौकोनी आसात लहान सुटणे आणि मोठे अडकणे यांतली सीमा जास्त स्पष्ट होते. डायमंडमध्ये ती फार पसरट असते, म्हणजे काही लहान अडकतात आणि काही मोठेही सुटतात.

देवगडचो
अरे बाबानू, ह्या सगळा कागदावर बरा दिसता. चाळीसचो चौकोनी लावलास तर करंदी काय देवळात जावन मागूची?

आमची बोट लहान. डिझेल कोळंबीवर सुटता, राणीमाशावर नाय. कोळंबी खोल्यात इली काय पोहून बाहेर जायत नाय ह्या खरा, पण चौकोनी आसातसून ती आपोआप गळता. मोठी चैती-कापशी कोळंबी रवतली, बारीक करंदी जातली. तो खड्डो कोण भरतलो?

आणि मी एकट्यान लावलंय आणि शेजारच्या बोटीन वीसचो खोलो लावल्यान, तर मी सोडलेला पिल्लू तो धरतलो.

रापणवाला
देवगडचो, शेवटचा मुद्दा आम्ही रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे, कित्येक वर्षे मांडतो आहोत. फक्त आमच्या बाबतीत शेजारची बोट म्हणजे तुमचा ट्रॉलर.

किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात ट्रॉलिंगला बंदी आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेले. तरी रात्री दिवे किनाऱ्याच्या किती जवळ असतात ते वायरी-तारकर्लीच्या वाळूवर उभे राहून बघा. पिल्ले वाढतात ती याच पट्ट्यात. आस २० असो की ४०, तुम्ही पाळण्यात जाळे ओढत असाल तर काय उपयोग? आधी जागा, मग आस.

नाखवा_हर्णै
रापणवाला, तुमचा राग रास्त आहे. आमच्यातलेच काही जण आत घुसतात हे मी नाकारत नाही, आणि ते थांबले पाहिजे हे मी सोसायटीच्या सभेतही बोलतो. पण बाहेर वीस-पंचवीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्यातसुद्धा पिल्ले असतात. राणीमाशाची तर असतातच. म्हणून जागाही हवी आणि आसही हवा.

देवगडचो, करंदीचे खरे आहे. लहान कोळंबी जाते. त्याला उत्तर नाही असे मात्र नाही, मत्स्यकन्या सांगतील.

पापलेटप्रेमी
मध्येच बोलतो. मागच्या आठवड्यात दादरच्या बाजारात हाताच्या तळव्यात मावतील अशी पापलेटे विकायला होती. मावशी म्हणाली, "घे बाळा, सहा देते." म्हटलं, मावशी, या सहांचे वय मिळून एक वर्ष होत नाही. तिने मलाच दोन शिव्या घातल्या आणि मग एक चांगला सरंगा दाखवला. त्याचा भाव ऐकून मी बोंबील घेऊन घरी आलो.

सातपाटीकर
पापलेटप्रेमी, तुम्ही हसवलेत, पण आमच्याकडे हा विषय निघाला की माणसे गप्प होतात.

पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, पापलेटाची १३५ मिमी. त्याहून लहान पकडायचा नाही. निर्णय चांगला आहे, आम्ही मागणीच केली होती. पण लांबीचा नियम बंदरावर लागतो आणि पिल्लू मरते समुद्रात. जाळ्यात आलेले १०० मिमीचे पापलेट वर येईपर्यंत मेलेले असते. नियम पाळायचा म्हणून ते परत पाण्यात टाकले तर कोणाचे भले झाले? लांबीचा नियम आणि आसाचा नियम एकमेकांना धरून असले तरच दोन्हींना अर्थ.

आमचे पापलेट पूर्वापार गिलनेटने मारतात, पाच इंची आसाने. गिलनेटचे गणित ट्रॉलपेक्षा वेगळे. लहान मासा आरपार जातो, फार मोठा आपटून मागे फिरतो, मधलाच कल्ल्यापाशी अडकतो. म्हणजे आस निवडला की मासा निवडला. पुढे लोकांनी आस कमी करत नेला आणि कमी वजनाची पापलेटे बाजारात यायला लागली. त्यात डोलीच्या, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, खोल्यात पिल्ले येतात ती वेगळीच. डोलीचा खोला जवळा-बोंबलासाठी अगदी बारीक असतो, त्यातून काहीच सुटत नाही.

माझा प्रश्न मत्स्यकन्या ताईंना. चौकोनी आसाने ट्रॉलमधली पापलेटची पिल्ले वाचतील का?

मत्स्यकन्या
सातपाटीकर काका, याचे उत्तर बहुतेक लोकांना आवडत नाही: फारशी नाही.

चौकोनी आस गोलसर अंगाच्या माशाला मानवतो. बांगडा, राणीमासा, ढोमा, यांचे अंग त्या भोकात बसते. पापलेट उंच आणि चपटे. ३० मिमी उंच आणि ८ मिमी जाड पिल्लू घ्या. २० बाय २० च्या चौकोनात ते तिरके करूनही बसत नाही. त्याला लांबट भोक लागते. बरा उघडलेला डायमंड आस, म्हणजे १५-१६ मिमी रुंद आणि ३६-३७ मिमी लांब, याला जास्त सोयीचा. युरोपातही चपट्या माशांच्या बाबतीत हेच दिसले आहे. आणि १३५ मिमीच्या जवळ पोहोचलेले पापलेट तर ४० मिमीच्या कुठल्याच आकारातून जाणार नाही. त्याच्या अंगाची उंचीच आसाच्या पूर्ण लांबीहून जास्त असते.

म्हणून पापलेटासाठी रापणवाला म्हणतात तेच खरे. पिल्ले जिथे आणि ज्या महिन्यांत असतात तिथे त्या महिन्यांत ट्रॉल आणि डोल दोन्ही थांबवणे, हाच उपाय. एकच आस सगळ्या माशांना न्याय देऊ शकत नाही. आपल्या समुद्रात एका ओढीत पन्नास जाती येतात, अडचण तिथे आहे.

करंदीबद्दल: कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यासाठी एक साधन काढले आहे. खोल्याच्या पुढे लंबगोल जाळीची चौकट बसवतात. कोळंबी गजांमधून जाते, मोठा मासा चौकटीवरून दुसरीकडे वळतो आणि पिल्लांना बाहेर जायला वाट राहते. म्हणजे निवड पाण्यातच होते. त्याला २००५ च्या जागतिक वन्यजीव निधीच्या स्पर्धेत पारितोषिकही मिळाले होते. किनाऱ्यावर ते फार कमी बोटींवर दिसते, कारण चौकट हाताळायला अवघड वाटते आणि मासळी जाईल ही भीती.

उत्तरवारा
नॉर्वेत बर्गेनला राहतो, मूळ मुरुडचा. तुमच्या या चौकटीचा एक भाऊ इथे आहे, त्याचा किस्सा सांगण्यासारखा आहे.

इथल्या नूरमूर भागातल्या एका कोळंबी मच्छीमाराने जाळ्यात जेलीफिश फार येतात म्हणून त्यांना बाहेर काढायला गजांची तिरकी चौकट बसवली. लक्षात आले की जेलीफिशबरोबर कॉड-हॅडॉकची पिल्लेही बाहेर जातात आणि कोळंबी जवळपास सगळी आत राहते. संशोधकांनी ती तपासली, दोन गजांमधले अंतर १९ मिमी ठरले आणि १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इथल्या कोळंबी ट्रॉलला ती सक्तीची झाली. आज ती कॅनडापर्यंत वापरतात. गोष्ट मच्छीमाराने सुरू केली म्हणून मच्छीमारांनी ती स्वीकारली, असे इथले लोक सांगतात आणि मला ते पटते.

दुसरे म्हणजे, इथे कॉड आणि हॅडॉक समुद्रात परत फेकायला १९८७ पासून बंदी आहे. जे पकडले ते बंदरावर आणायचे. एखाद्या भागात पिल्ले जास्त येऊ लागली की तो भाग काही काळ बंद करतात. त्यामुळे पिल्लू जाळ्यात येणे हेच नुकसानीचे ठरते आणि बोटमालक स्वतःहून चांगले जाळे शोधतो. सातपाटीकरांचा मुद्दा इथे कायद्यात बसवलेला आहे.

आणि आपल्याकडे यांत्रिक ट्रॉलिंग रुजवण्यात नॉर्वेचाच हात होता. १९५३ मध्ये केरळात नीणडकऱ्याला इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. जाळे तेव्हा आले. ते कसे आवरायचे हा अर्धा भाग मात्र मागेच राहिला. याचे मला इथे राहून फार वाईट वाटते.

देवगडचो
उत्तरवारा, माहिती बरी दिलास. पण थंय एका जाळ्यात चार जाती, हंय पन्नास. आणि थंय पिल्लू धरला तर नुकसान, हंय पिल्लू धरला तर कुटीवालो गाडी घेवन बंदरार उभो.

खाडीकाठ
देवगडचो, कुटीवर तुम्ही बोट ठेवलेत ते बरे केलेत. हिशेब मी बघतो म्हणून सांगतो. कुटीचे पैसे रोख आणि लगेच मिळतात. खलाशांची वरकमाई त्यातून होते. त्यामुळे खलाश्यालाही बारीक खोलाच हवा असतो. पण बर्फ, जागा आणि निवडायची मेहनत धरली तर त्या मासळीतून मालकाच्या हाती फार थोडे उरते. फिशमीलचे कारखाने जोपर्यंत पिल्लांना गिऱ्हाईक म्हणून उभे आहेत तोपर्यंत खोला मोठा करायला सांगणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे. खरेदी करणाऱ्यावर बंधन आले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

शंकासुर
हे सगळे फार रोचक आहे. दोन बावळट प्रश्न विचारू का? ट्रॉलच्या तोंडाशी म्हणे फार मोठे आस असतात. मग मासा तिथूनच का निसटत नाही? आणि खोल्यातून सुटलेले पिल्लू जगते का?

नाखवा_हर्णै
बावळट अजिबात नाहीत. पहिल्याचे उत्तर मी देतो.

ट्रॉलच्या दोन बाजूंना फळ्या असतात. त्या तळावरून जाताना गाळाचे ढग उठवतात, दोर थरथरतात. मासा त्यापासून लांब राहायला बघतो आणि आपसूक मधोमध येतो. मग तोंडासमोर, जाळ्याच्याच वेगाने पोहत राहतो. भोकातून जाण्याचा विचार त्याच्या डोक्यात नसतो, भिंतीपासून दूर राहायचे एवढेच असते. दमला की मागे पडतो आणि थेट खोल्यात. तिथे गर्दी झाली, जागा संपली, की मग तो भोक शोधतो. म्हणून खोल्याचा आस महत्त्वाचा. जाळे जितके जोरात ओढाल तितका मासा दमलेला येतो, आणि दमलेला मासा उघडे भोक समोर असूनही जात नाही.

आणखी एक. ओढ चार-चार तास लांबवली की खोला भरतो, मासळी आणि कचऱ्याने आस बुजतात. मग चौकोनी असो वा डायमंड, काही सुटत नाही. ओढी लहान ठेवा.

मत्स्यकन्या
दुसऱ्याचे: जातीवर अवलंबून आहे. तारलीसारख्या माशांचे खवले सहज निघतात, त्यामुळे सुटूनही बरीच मरतात. ज्यांची कातडी चिवट त्यांची जगण्याची शक्यता चांगली. मासा कधी सुटला यालाही महत्त्व आहे. तळाशी, ओढ चालू असताना सुटलेला तगतो. जाळे वर घेताना, दाब बदलून पोट फुगल्यावर सुटलेला पक्ष्यांच्या तोंडी जातो. चौकोनी आस तळाशीच सोडायला सुरुवात करतो, हा त्याचा मोठा गुण.

अंगणातली_तुळस
एक विनंती. "बारीक मासळी खाऊ नका" असे सरसकट सांगणारे निरोप हल्ली फिरतात. मांदेली, जवळा हे जातीनेच लहान. पूर्ण वाढलेली मांदेलीसुद्धा बारीकच. ती खाल्ल्याने पिल्ले मारल्याचे पाप लागत नाही. माझ्या सासूबाईंनी असला एक निरोप वाचून आठवडाभर जवळ्याची चटणी बंद केली होती, घरात बंड व्हायची वेळ आली. पिल्लू ओळखायचे ते जातीवरून: एवढासा बांगडा, एवढीशी सुरमई, तळव्याएवढे पापलेट.

पापलेटप्रेमी
तुळस ताई, हे सासूबाईंच्या निरोपगटात टाका. जवळ्याच्या चटणीसाठी मी स्वतः साक्षीला येतो.

सातपाटीकर
केरळने बांगड्याला १४ सेमी आणि तारलीला १० सेमी अशी किमान लांबी आधीच लावली. तिथे बंदरावर पेट्या तपासतात, त्यामुळे निदान लोकांच्या तोंडी ती मापे बसली आहेत. आपल्याकडे ५४ जातींची यादी किती विक्रेत्यांनी पाहिली असेल? पापलेट, बोंबील, सुरमई, बांगडा, घोळ एवढ्यांचे खऱ्या मापाचे चित्र प्रत्येक मासळी बाजाराच्या दाराशी लावले तरी फरक पडेल.

कासवमित्र
जाळ्याच्या रचनेचा विषय निघालाच आहे तर कासवाची वाट विसरू नका. ट्रॉलमध्ये कासव बाहेर पडायची चौकट नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले. पिंजऱ्यातल्या शेतीची कोळंबी जाते, समुद्राची अडते. देवगडचो, तुमच्या कोळंबीचा भाव त्यामुळेही पडला आहे. एक चौकट बसवायला टाळाटाळ केल्याची किंमत आपण रोज मोजतो आहोत.

रापणवाला
शेतीची कोळंबी पिंजऱ्यात नाही, तळ्यात होते. बाकी मुद्दा मान्य.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. भावाला मत्स्यकन्यांची आकृती काढून दाखवली. त्याने खिशातून मोबाइल काढून राणीमाशाच्या फोटोवर पट्टी धरली आणि म्हणाला, "म्हणजे मी चाळीसचे पैसे देऊन पंधराचा खोला वापरत होतो." चौकोनी घ्यायचे नक्की झाले. आता प्रत्यक्षात घेताना काय बघायचे? दुकानदार म्हणतो, हेच डायमंड जाळे तिरके कापून शिवून देतो.

नाखवा_हर्णै
तिरके कापून होते, पण साध्या गाठीच्या जाळ्यात गाठी सरकतात. चार-सहा महिन्यांत चौकोन वाकडे होतात. बिनगाठीचे जाळे मिळत असेल तर तेच घ्या. ते नसेल तर गाठी पक्क्या बसवलेले घ्या आणि घेताना एक आस दोन्ही हातांनी आडवा ओढून बघा.

चौकोनी खोल्याचे सगळे वजन उभ्या दोऱ्यांवर येते, आडवे दोरे भार घेत नाहीत. म्हणून लांबीला चारही बाजूंनी दोर शिवून घ्या, नाहीतर पहिल्याच भरल्या ओढीला फाटेल आणि भाऊ म्हणेल चौकोनी वाईट. दोरा उगाच जाड घेऊ नका. जाड किंवा दुहेरी दोऱ्याचा आस ताठ राहतो, मासा घुसून वाट काढू शकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, खोल्यावरून दुसरे संरक्षक जाळे पूर्ण गुंडाळू नका. घासण्यापासून वाचवायला फक्त खालच्या बाजूला लावा. वरून जुना खोला चढवणारे मी पाहिले आहेत. मग आत चौकोनी लावला काय आणि न लावला काय.

मत्स्यकन्या
यात दोन गोष्टी जोडते. माप घेताना कोरडे आणि नवे जाळे मोजू नका. ओले करून, सलग दहा आस ओढून मोजा आणि दहाने भागा. वापरानंतर आटते, म्हणून हंगामाच्या मध्यावर पुन्हा मोजा.

ज्यांना नवा खोला परवडत नाही त्यांच्यासाठी दोन स्वस्त उपाय. एक, नेहमीचेच डायमंड जाळे ९० अंशांत फिरवून शिवायचे. गाठींची ठेवण बदलल्यामुळे आस ओढीखाली बराच उघडा राहतो. बाल्टिक समुद्रात कॉडसाठी अशा खोल्यांना मान्यता होती. दुसरा, डायमंड खोल्याच्या घेरातले आस कमी करायचे आणि कडेचे दोर जाळ्यापेक्षा थोडे आखूड ठेवायचे. भार दोरावर जातो, जाळे सैल राहते, आस उघडतो. देवगडचो, तुम्हाला हे जमण्यासारखे आहे. करंदी पूर्ण हातची जाणार नाही आणि पिल्लेही काही प्रमाणात सुटतील.

सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या किनारी प्रकल्पात ट्रॉलरमालकांना ४० मिमी चौकोनी खोले दिले होते. तुमच्या आसपास ज्यांनी ते वापरले त्यांना गाठा. माझ्यापेक्षा त्यांचे ऐका.

रापणवाला
मत्स्यकन्या, हे सर्व ट्रॉलरवाल्यांनी केले तर मी स्वतः बंदरावर येऊन त्यांना शहाळे देईन. मात्र आत येऊ नका, ही अट कायम.

खाडीकाठ
रापणवाला, अट मान्य. तांडेलाला सांगितले आहे.

बिनगाठीचे जाळे दुकानदार मागवून देतो म्हणाला. दोर चार बाजूंनी, संरक्षक जाळे फक्त खाली. भावाची एक अट मीही मान्य केली आहे: पहिले दोन महिने चौकोनी आणि जुना खोला आलटून पालटून लावायचे आणि दोन्हींची मासळी जातवार, टोपलीवार लिहायची. वही माझ्याकडे राहील. ऑक्टोबरात आकडे इथेच टाकतो, नुकसान दिसले तर तेही.

देवगडचो
आकडे टाक, करंदीचे वेगळे टाक. आणि मत्स्यकन्या ताई, ते दोर जाळ्यापेक्षा नेमके किती आखूड धरूचे? आमचो खोलो पाच वावांचो आसा. जाळेवालो सोमवारी येतलो, तेच्याआधी सांगा.